जमिनीपासून हातभर

नाशिक शहराचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तेथील देवळांची, घाटांची, लेण्यांची आणि सरदारांच्या वाड्यांची दखल यथास्थित घेतली आहे. परंतु त्या देवळांतली उपकरणी, त्या वाड्यांतले धान्य, त्या पेठांतला तांब्यापितळेचा माल आणि त्या कचेऱ्यांतले कागद कोणत्या फळीवर, किती उंचीवर आणि कोणाच्या हातच्या कामावर विसावले होते, याची चौकशी सहसा कोणी केलेली दिसत नाही. इतिहासकाराची नजर वस्तूकडे जाते, वस्तू जिच्यावर ठेवलेली असते तिच्याकडे जात नाही. वास्तविक ज्या गावच्या सराफ बाजारात आणि भांडी बाजारात गोदावरीचे पाणी काही वर्षांच्या अंतराने माहेरवाशिणीच्या हक्काने येऊन जाते, तेथे सामान जमिनीपासून किती वर ठेवावे हा प्रश्न केवळ सोयीचा नव्हता, चरितार्थाचा होता. आणि त्याचे उत्तर प्रत्येक पिढीने आपापल्या ऐपतीप्रमाणे व हाताशी असलेल्या सामग्रीप्रमाणे दिलेले आहे. आज गंगापूर रस्त्यावरच्या एखाद्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये जो लोखंडी अँगलचा रॅक उभा राहतो, तो या उत्तरमालिकेतला सर्वांत अलीकडचा दुवा होय.

मालिकेचा आरंभ शोधायचा तर शहराच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगरावरच्या पांडवलेण्यांत जावे लागते. तेथल्या विहारांतल्या खोल्यांमध्ये खडकातच कोरून काढलेले ओटे आहेत; त्यांवर भिक्षू निजत असत, आणि चीवर व भिक्षापात्र यांपलीकडे फारसा संग्रह ज्याला वर्ज्य, त्याला निराळी मांडणी लागण्याचे कारणही नव्हते. नहपान क्षत्रपाचा जामात उषवदात याच्या शिलालेखात गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे दोन हजार आणि एक हजार कार्षापणांच्या ठेवी ठेवल्याचे, त्यांच्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांसारख्या गरजांचा खर्च चालवायचा असल्याचे आणि हा सारा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवून रीतीप्रमाणे फलकांच्या दप्तरी नोंदविल्याचे नमूद आहे. सावकारीचा एवढा तपशील जपणाऱ्या त्या नगरातल्या विणकराने आपले तागे कशावर रचून ठेवले होते, हे मात्र शिलालेख सांगत नाही. दानाचा लेख लिहिणाऱ्याला कोठीची काळजी नसते.

तेथून थेट अठराव्या शतकात उतरलो म्हणजे पुरावा भरपूर, कारण तो अजून, निदान काही ठिकाणी, उभा आहे. पेशवाईच्या अमलात नाशकाला जे वैभव आले त्याबरोबर वाडे आले, आणि वाड्यांबरोबर साठवणीची एक संपूर्ण शिस्त आली. पेठ, सुरगाणा आणि डांगच्या रानांतून येणारा साग येथे मुबलक होता. दगडी जोत्यावर सागवानी खांबांचा सांगाडा उभारून त्यामधली भिंत पांढऱ्या मातीने किंवा विटांनी भरीत, आणि ही भिंत इतकी जाड असे, की तिच्या पोटातच अर्धा संसार मावे. दिव्यासाठी दिवळी, पूजेच्या किरकोळ सामानासाठी कोनाडा, दुधातुपाच्या नि लोणच्यांच्या बरण्यांसाठी दाराचे फडताळ, धान्यासाठी बळद, वर्षातून एकदाच लागणाऱ्या जिनसांसाठी पोटमाळा, मांजरापासून दही-लोणी वाचवण्यासाठी आढ्याला टांगलेले शिंके, आणि या सर्वांच्या मधोमध, स्वयंपाकघराच्या भिंतीवर, घरच्या गृहिणीचा खरा मानबिंदू असलेली भांड्यांची मांडणी: अशी ही व्यवस्था होती. तिच्यात आजच्या अर्थाने ‘फर्निचर’ म्हणावे असे जवळजवळ काही नव्हते. साठवण ही घरात आणून ठेवायची वस्तू नसून घर बांधतानाच त्यात बांधून टाकायची गोष्ट होती, आणि माझ्या मते जुन्या व नव्या काळातला खरा फरक लाकूड आणि लोखंड यांच्यातला नसून हाच आहे.

ही मांडणी जरा जवळून पाहण्यासारखी असते. दीड-दोन इंच जाडीची सागवानी फळी बांधकाम चालू असतानाच दोन्ही टोकांनी भिंतीत वीतभर शिरवलेली. तिला खालून टेकू नाही, खिळा नाही, कारण दोन्हीकडची भिंतच तिला दाबून धरते. फळीच्या पुढच्या कडेला बोटभर उंचीची पट्टी, म्हणजे ओळीने उभी केलेली ताटे घसरून पुढे येऊ नयेत. आणि जेथे सुतार जास्त हौशी किंवा यजमान जास्त सढळ, तेथे फळीवरच उभ्या खाचा पाडून केलेले ताटाळे, ज्याच्या प्रत्येक खाचेत एकेक ताट पानावर पान लावल्याप्रमाणे उभे राही. खालच्या फळीवर तपेली, घागरी आणि हंडे; मधल्या फळीवर डबे नि पातेली; वर लहान तांबे, गडू, फुलपात्रे. जड ते खाली, हलके ते वर, हा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता, पण तो न पाळणारे घर पाहिल्याचे स्मरत नाही. सर्वांत खालची फळी जमिनीपासून निदान हातभर उंच, आणि तिच्याखालचा भाग रोज सारवता यावा म्हणून मोकळा. त्या सारवणामागे केवळ शुचितेची भावना होती असे समजणे भाबडेपणाचे होईल. जी जमीन रोज सारवली जाते तिच्यावर वाळवीची मातीची नळी चढू लागली की ती त्याच दिवशी दिसते.

फळी किती लांब असावी याचेही एक शास्त्र होते, आणि ते सुताराच्या बोटांत होते. वाड्याचे मोजमाप खणात होई, आणि खण म्हणजे दोन खांबांमधला साधारणपणे पाच-सहा फुटांचा गाळा. जड भांड्यांची मांडणी पूर्ण खणाची न करता तिच्या मध्ये एखादी उभी फळी देऊन गाळा निम्मा करीत. आजचा स्थापत्यविशारद याचे गणित करून दाखवील: फळी तीच, तिच्यावरच्या वजनाची दाटीही तीच, पण गाळा दुप्पट केला की मध्यभागीची लवण दुपटीने नव्हे, सोळा पटींनी वाढते, आणि उलट फळीची जाडी दुप्पट केली तर ती आठ पटींनी ताठ होते. हे आकडे ठाऊक नसताना ज्या कारागिरांनी त्यांचे फलित अचूक ओळखले, त्यांच्या कामाला ‘अडाणी अनुभव’ म्हणण्याची आपल्याकडे जी रीत पडली आहे ती मला मुळीच मान्य नाही.

वजनाचा हा विचार नाशकात विशेष होण्याचे कारण येथला मुख्य माल. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नाशिकची ख्याती जुनी. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या नाशिक खंडातही या धंद्याला मान दिलेला आहे. तांबट आळीत ठोक्यांचा नाद आणि भांडी बाजारात त्याचा पसारा, अशी ही जोडी. पितळ पाण्याच्या साडेआठ पट जड. मग घागरी, हंडे, बंब, परात अशा मालाने भरलेल्या दुकानाच्या फळ्यांवर काय भार पडत असेल, याची कल्पना करावी. दुकानदार जड माल पायऱ्यांसारख्या चढत्या फळ्यांवर रची, हलका माल आढ्याच्या कड्यांना टांगी, आणि दुकानाला माळा अवश्य ठेवी. हा माळा नुसत्या साठवणीचा नव्हता. तो पुराचा विमा होता. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती पाण्यात किती बुडाला यावरून गावकरी पुराचे मान ओळखत आले, आणि नारोशंकराच्या देवळावरच्या घंटेपर्यंत पाणी पोचते की काय ही त्या मापनाची परमावधी समजली जाई. मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याची वार्ता आली की बाजारात हाकाटी होऊन माल हातोहात माळ्यावर चढे. १९६९ च्या सप्टेंबरातला महापूर पाहिलेली माणसे आता थोडी उरली. पण १९ सप्टेंबर २००८ आणि २ ऑगस्ट २०१६ चे पूर अलीकडचेच आहेत, आणि वर गंगापूरचे धरण असूनही त्या दोन्ही दिवशी सराफ बाजारात पाणी शिरले ते शिरलेच. ज्यांच्या दुकानांचे माळे नव्या सजावटीच्या भरात काढून टाकले गेले होते, त्यांना तेव्हा माळ्याचे मोल कळले असेल.

सरकारी साठवणीची कथा निराळी, कारण तेथला जिन्नस कागद. पेशवाईत कोठी, जामदारखाना, दप्तरखाना अशी खाती निरनिराळी असत आणि प्रत्येकाचा अंमलदार वेगळा. कोठाराच्या बंदोबस्तावर असणाऱ्या माणसाचा हुद्दा पुढे ‘कोठावळे’ या आडनावाने टिकून राहिला. १८१८ साली मुलूख इंग्रजांकडे गेला, १८६९ साली नाशिकचा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि कचेऱ्यांतून कागदांचा पूर वाहू लागला. मोडी कागदांचे गठ्ठे कापडात बांधून त्यांचे रुमाल करीत आणि ते लाकडी घडवंच्यांवर ओळीने रचीत. रुमालात वेखंडाचा तुकडा किंवा कडुनिंबाचा पाला, घडवंचीचे पाय भिंतीपासून सुटे, आणि कारकुनाने पावसाळ्यानंतर एकदा सगळे उन्हात घालण्याची तजवीज करायची. कागदाचे दुसरे घर म्हणजे ग्रंथालय. १८४० साली स्थापन झालेले नाशिकचे सार्वजनिक वाचनालय हे महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या ग्रंथालयांपैकी एक. पुस्तके दाटून लावली तर मीटरभर फळीवर पंचवीस-तीस किलोंचा भार सहज होतो, आणि तो भांड्यांसारखा काढघालीचा नसून वर्षानुवर्षे तसाच बसून राहणारा असतो. लाकूड अशा स्थिर भाराखाली हळूहळू लवते आणि भार काढला तरी पुरते सरळ होत नाही. म्हणून ग्रंथालयाची फळी नेहमी आखूड आणि जाड. घरातल्या पुस्तकांच्या कपाटांना मधोमध पोट आलेले दिसते ते याच कारणाने.

आतापर्यंत सांगितले ते ऐपतदारांचे. गरिबाला सागवान परवडत नव्हते. त्याची कणगी बांबूची, शेणाने लिंपलेली. त्याची उतरंड मातीच्या मडक्यांची. त्याच्या दारी पहिली स्वस्त फळी आली ती आगगाडीने. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे वर चढली आणि परदेशी माल देवदारी खोक्यांतून नाशकात उतरू लागला. रॉकेलचे दोन डबे मावणारे खोके हे त्या काळचे बहुगुणी दान होते: डबे धान्य-पाण्याला लागत, आणि खोक्याच्या फळ्या सुट्या करून, विटांवर किंवा दोन खुंट्यांना बांधलेल्या दोरीवर ठेवून, चाळीतल्या खोलीची मांडणी तयार होई. खोक्याचे ते लाकूड हलके, मऊ, वाळवीला प्रिय; पण फुकटचे. मांडणीच्या पायाखाली पाण्याने भरलेल्या वाट्या ठेवून मुंग्या अडवण्याची युक्तीही याच घरांतली. खोक्यावर छापलेली कंपनीची मुद्रा फळीच्या खालच्या बाजूस वर्षानुवर्षे तशीच दिसत राही, आणि इतिहासकाराला याहून चांगला दस्तऐवज क्वचितच मिळतो.

सिमेंटच्या काळात भिंती नऊ इंचांवर आणि पुढे साडेचारांवर आल्या, आणि कोनाड्या-फडताळांचा कारभार आटोपला. भिंतीच्या पोटात जागाच उरली नाही, तेव्हा तिच्या बाहेर काहीतरी उभारणे प्राप्त झाले. मराठी मध्यमवर्गाने त्यावर शोधलेला तोडगा म्हणजे कडप्पा. आंध्रातून येणारी ही काळी गुळगुळीत फरशी उभी-आडवी बसवून स्वयंपाकघराच्या ओट्याखाली आणि कोठीच्या खोलीत मांडण्या होऊ लागल्या. वाळवी नाही, गंज नाही, पाण्याने पुसली की झाले. एकच दोष, आणि तो मोठा: लाकूड लवून सूचना देते, पत्रा वाकून देतो, दगड मात्र काही न सांगता मोडतो. म्हणून अडीच-तीन फुटांवर उभा आधार न देता कडप्प्यावर गव्हाचा डबा ठेवणे हे धाडसच. भरीस भर म्हणून छताखाली सिमेंटचा लॉफ्ट आला, ज्यावर ठेवलेली वस्तू बहुधा घर बदलतानाच पुन्हा दिसते.

लोखंडाचे आगमन दोन वाटांनी झाले. पहिली वाट कपाटाची: गोदरेजने १९२३ साली पोलादी कपाटे बनवायला घेतली आणि काही दशकांत ते कपाट लग्नाच्या यादीत जाऊन बसले. दुसरी वाट कारखान्याची, आणि आपल्या विषयाला तीच अधिक जवळची. लंडनमध्ये छापखाना चालवणारा, ऑस्ट्रेलियात जन्मलेला ग्रीक वंशाचा डेमेट्रियस कोमिनो याला छापखान्यातल्या मांडण्या गरजेप्रमाणे वरचेवर मोडून पुन्हा बांधाव्या लागत; दर वेळी सुतार बोलवावा, लाकूड कापावे, वाया घालवावे, याला कंटाळून त्याने काटकोनात वाकवलेल्या आणि लांबीभर खाचा पाडलेल्या पोलादी पट्टीची कल्पना काढली, आणि १९४७ साली ‘डेक्सियन’ या नावाने तिचे उत्पादन सुरू झाले. नट-बोल्टने जोडा, हवे तेव्हा खोला, उंची बदला. वेल्डिंग नको, सुतार नको. नाशिकरोडला खुद्द सरकारचा नोटा-तिकिटांचा छापखाना असल्यामुळे, छापखान्याच्या गरजेतून निघालेली ही वस्तू या गावाला परकी वाटण्याचे कारण नव्हते.

परंतु नाशकात ती खऱ्या अर्थाने रुळली ती औद्योगिक वसाहतींमुळे. १९६४ साली ओझरचा विमानांचा कारखाना आला, त्याच दशकात सातपूरची वसाहत उभी राहू लागली, नंतर अंबड. आणि प्रत्येक कारखान्याच्या भांडारात सुट्या भागांसाठी या खाचांच्या अँगलचे रॅक ओळीने लागले. कारखान्यात दिवसभर ते रॅक पाहणारा फिटर आपल्या घरी लाकडी मांडणी कशाला करील? भांडारातले जुने रॅक लिलावात निघत आणि भंगारवाल्याकडे वजनावर मिळत. अंबड लिंक रोडवरचा भंगार बाजार या व्यवहाराचे मोठे ठाणे होते. महापालिकेने २०१७ च्या जानेवारीत तो हटवला. वाहतुकीच्या आणि कायद्याच्या दृष्टीने त्या कारवाईची बाजू असेलही, पण स्वस्त आणि दणकट रॅकचा एक मोठा झरा तिने आटवला, हेही तितकेच खरे.

आणि आता गॅरेज. १९७०-८० नंतर कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर या भागांत बंगले झाले तेव्हा नकाशात गॅरेज दाखवण्याची पद्धत पडली. त्यात मोटार किती दिवस राहिली हा संशोधनाचा विषय आहे. वाड्यातली बळदे, माळे आणि अडगळीची खोली यांचा वारसा निमूटपणे या एका खोलीवर आला: गणपतीचे मखर, दिवाळीचे आकाशकंदील, आजीच्या लग्नातली नाव कोरलेली पितळी भांडी, मळ्यातून आलेले द्राक्षांचे क्रेट, फवारणीचा पंप, रंगाचे अर्धे डबे. हे सगळे जमिनीवर पसरले की मोटार बाहेर उन्हात जाते. चौदा गेजच्या, म्हणजे सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या, चार उभ्या अँगलना वीस किंवा बावीस गेजचे पत्र्याचे कप्पे लावून केलेला रॅक यावर पुरेसा पडतो. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, ही गोष्ट न कळल्याने बरेच लोक फसतात. कोपऱ्यांना त्रिकोणी पट्ट्या लावल्या नाहीत तर तो झुलतो. भिंतीला वरून दोन ठिकाणी आवळला नाही तर मूल चढले की पुढे येतो. जड खाली, हलके वर. गाळा तीन फुटांपेक्षा लांब नको. खालचा कप्पा जमिनीपासून हातभर वर. पूर न येणाऱ्या वस्तीतही पावसाळ्यात फरशीला ओल धरते, उंदीर येतात, गाडी धुतलेले पाणी वाहते. वाड्यातल्या सुताराने सांगितले असते तेच नियम, फक्त सागाच्या जागी पत्रा.

जिल्ह्याच्या शेतकऱ्याने याच तत्त्वावर आपली इमारत उभारली आहे. लासलगाव-पिंपळगावच्या बाजूला रस्त्याच्या कडेला दिसणारी कांदा चाळ म्हणजे दुसरे काय, तर एक अवाढव्य मांडणीच. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला, खालून वारा खेळावा म्हणून फटींचा. रुंदी बेताची, ढीग चार-पाच फुटांपलीकडे न चढवलेला, कारण त्याहून उंच केला की तळचा कांदा दबून सडू लागतो. पूर्वी ती बांबू-लाकडाची असे, आता लोखंडी अँगल आणि जाळीची. उन्हाळ कांदा तीत चार-सहा महिने टिकतो, आणि तेवढ्या अवधीत बाजारभावाची वाट पाहण्याची ताकद शेतकऱ्याला येते. नाशिक जिल्ह्यात साठवणीच्या बांधणीला इतका थेट राजकीय अर्थ दुसऱ्या कोणत्याही वस्तूने दिलेला नाही.

जुन्या नाशकातले वाडे दर पावसाळ्यात एकेक करून पडत आहेत किंवा उतरवले जात आहेत, आणि त्यांच्या भिंतींतून निघालेल्या सागवानी फळ्या वखारीत घनफुटावर विकल्या जात आहेत. वाडा वाचवणे प्रत्येक मालकाला शक्य नाही, हे मान्य. पण उतरवण्यापूर्वी कोणा स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला बोलावून मांडण्यांची, फडताळांची आणि माळ्यांची मापे घेऊ द्यावीत, आणि भिंतीवर पुराची रेघ असेल तर तिचीही उंची नोंदवून घ्यावी. एका दुपारचे काम आहे, आणि वाडा उतरल्यावर ते करता येत नाही.